पापडाच्या तेलाचा चेंडू

अप्पा, आज सलामीचा सामना झाला. तुम्ही गेल्यावर दोन-तीन वर्षं कसाबसा चालला, मग मैदानावर लॉऱ्या उभ्या राहायला लागल्या आणि फुटबॉलच थांबला. गेल्या वर्षी पोरांनी शाळेमागची जागा साफ करून लीग आणि कप दोन्ही भरवले. यंदा म्हणाले, आता सलामीचाही करू, मास्तरांच्या वेळी व्हायचा तसाच. म्हणजे लीग जिंकलेला संघ एकीकडं, कप जिंकलेला दुसरीकडं, नव्या हंगामाचा पहिला सामना श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी. चेंडू मध्यावर ठेवायला मला बोलावलं होतं, ड्रिल मास्तरांची मुलगी म्हणून. दिवस मावळायच्या आत मी घरी परत आले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. जपाला बसले तर माळ बोटांतच अडली. वरण चुलीवर ठेवलं आणि मीठ घातलं की नाही ते आठवेना, म्हणून तीनदा चाखलं. हे विचारताहेत, पाय दुखायलेत का. व्हय म्हणाले. शेवटी वही घेऊन बसले. आज मैदानावर मी जे केलं ते तुम्हाला सांगायला पाहिजे, आणि त्यासाठी आधी ते जुनं सांगायला पाहिजे, जे तुम्ही होता तोवर सांगितलं नाही.

आपला भाग हैदराबादेतून म्हैसूर राज्यात येऊन चार-पाच वर्षं झाली होती. माझी मॅट्रिक झालेली, घरात लग्नाची बोलणी चाललेली. त्या वर्षी लीग जिंकली होती लॉरी अड्ड्यावरच्या हमालांनी आणि कप जिंकला होता तुमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी. दोन्ही संघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. म्हणून रीत अशी की सामन्याच्या आदल्या दिवशी मोचीकाका शिवलेला चेंडू आणून पंचाच्या घरी द्यायचे आणि तो रात्रभर देवघराच्या कोनाड्यात राहायचा. पंच तुम्ही, म्हणजे घर आपलं. मोचीकाका बसस्टँडसमोर गोणपाट बांधून बसायचे, साऱ्या गावाच्या चपला शिवायचे, पण वर्षातून हा एक चेंडू शिवताना दुसरं काम हातात घ्यायचे नाहीत. चेंडूसोबत ते एक टिनाची डबी द्यायचे. त्यात चरबी आणि मेण. सांजेला ते शिवणीवर चोळायचं, म्हणजे ओल्या मैदानात दोरा पाणी पीत नाही.

मला अजून ती सांज दिसते. माय शेजारी हळदीकुंकवाला गेलीय. तुम्ही दारात उभे आहात, शिट्टी गळ्यात, आणि मैदानावर जाता जाता मला सांगताय, "डबीतलं लाव. बोटानं, पातळ. शिवण सोडू नको." मी व्हय म्हणते. तुम्ही जाता आणि मी डबी उघडते. वास येताच ती हाताभर लांब धरते. श्रावण चाललेला, माझे सोमवार सुरू, घरात कांदा-लसूणसुद्धा बंद, आणि जनावराची चरबी हाताला लावून चेंडू परत देवाजवळ ठेवायचा. ते माझ्यानं होईना. दर वर्षी हे काम माय करायची. तिला कसं चालायचं ते मी कधी विचारलं नव्हतं. मी चुलीकडं बघितलं. दुपारी पापड तळून उरलेलं करडीचं तेल कढईत होतं. टाकून द्यायला जीव होत नव्हता, उद्याच्या फोडणीला धरलेलं. वाटलं, तेल ते तेल, चामडं मऊ राहिल्याशी कारण. आणि मी ते चेंडूला लावलं. पातळ नाही, चांगलं दोन-तीनदा जिरवलं, कारण मनात खात होतं आणि कमी पडू नये असं वाटत होतं. मग डबीतली चरबी काडीनं खरवडून गोठ्यामागच्या नालीत टाकली, रिकामी डबी चेंडूशेजारी ठेवली आणि आंघोळ केली. शिवणीतलं मेण त्या तेलानं विरघळेल, पापडाचं मीठ दोऱ्यात बसेल, हे मला काय ठाऊक. पण डबी मी रिकामी करून ठेवली अप्पा. ते मी समजून उमजून केलं.

दुसऱ्या दिवशी मी बायकांत बसले होते. अर्धा वेळ होऊन गेलेला, दोघांचाही गोल नाही, मैदानात चिखल. हमालांचा तो उंच गडी एकटाच पुढं निघाला. त्यानं पाय उचलला आणि चेंडू मारला, तो हवेतच लुळा पडल्यासारखा झाला. शिवण उसवली, आतलं लाल ब्लॅडर बाहेर आलं आणि फुटलं, आणि ते सगळं लडबडत गोलात जाऊन पडलं. तुम्ही शिट्टी वाजवली. गोल नाही. फुटलेल्या चेंडूचा गोल धरत नाहीत, हा नियम तुम्ही घरी कितीदा सांगितला होता, पण मैदानावर तो कुणाला ऐकायचाय. दुसरा चेंडू आला आणि त्या चेंडूवर तुमचे विद्यार्थी जिंकले. मग लोक तुमच्याभोवती गोळा झाले. हमालांचा तो गडी तुमच्या तोंडापाशी येऊन म्हणाला, "मास्तर, चेंडू रातभर तुमच्या घरात. पोरं तुमची. मग आम्ही काय समजायचं?" कुणीतरी मागून म्हणालं, मास्तरनी शिकवलं बी भारी अन् जिंकवलं बी भारी. लोक हसले. तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला लांबून दिसत होत्या.

तुम्ही तरातरा माझ्याकडं आलात. बायकांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत, "चेंडूला काय लावलंस?" मी म्हणाले, डबीतलं. तुम्ही पुन्हा विचारलंत, सगळ्या शिवणीला? मी म्हणाले, डबी रिकामी झाली अप्पा, तुम्ही बघितली की. एवढंच. तुम्ही माझ्याकडं एक क्षण बघितलंत आणि मानलंत. मग वळून मोचीकाकांना हाक मारलीत. ते गर्दीतून पुढं आले, फाटका चेंडू त्यांच्या हातात. तुम्ही म्हणालात, "तुझ्या शिवणीच्या भरवशावर मी शिट्टी गळ्यात घालतो. आज तू मला गावासमोर चोर केलास." ते चेंडू उलटा करून बघत राहिले, शिवणीवरून अंगठा फिरवला, नाकापाशी नेला, आणि मान खाली घालून निघून गेले. पुढल्या वर्षापासून चेंडू हैदराबादहून तयार यायला लागला. मोचीकाकांना गावात नाव पडलं, फुटका चेंडू. पोरं त्यांच्यासमोरून पळताना तसंच ओरडायची. मीही ते ऐकत भाजीला जायची.

दोन आठवड्यांपूर्वी माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तिसऱ्यांदा. नवी घ्यावी असं हे म्हणत होते, पण तळ चांगला होता. मोचीकाका अजून तिथंच बसतात, गोणपाटाच्या जागी आता प्लास्टिक आहे. दिसायला कमी झालंय, टाका बोटानं चाचपून घालतात. मला म्हणाले, "अक्का, सामना पुन्हा सुरू व्हायलाय म्हणं." मी म्हणाले, व्हय. थोडा वेळ दोरा ओढत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "राग येऊ देऊ नका. त्या दिवशी चेंडू हातात घेतला, तर वास पापडाचा यायला होता."

मी खाली त्यांच्यासमोर बसले. मग विचारलं, काका, तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत. ते म्हणाले, "कामून बोलू? मास्तर पेटलेले. तुमचं लगीन ठरायलं होतं. गर्दीत पोरीचं नाव निघालं की ते पुन्हा आत जात न्हाई." वर हसले आणि म्हणाले, पापड मात्र चांगले असतील तुमच्या घरचे, एवढी वर्षं वास ध्यानात राहिला. मग चप्पल माझ्यापुढं सरकवत म्हणाले की आता सामन्याची बोलणी निघाली तशी नवी पोरंही येऊन विचारतात, तो फुटका चेंडू शिवणारे तुम्हीच का ओ बाबा. नातवासमोर विचारतात, तेवढं बरं वाटत नाही. बाकी काही नाही. त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नाही, अप्पा. मागितलं असतं तर सोपं गेलं असतं.

मी ठरवलं, सामन्याच्या दिवशी माईकवर सांगायचं. दोन आठवडे भाकरी थापताना तेच वाक्य म्हणत होते. तेल मी लावलं, मोचीकाकांचा दोष नव्हता. देवापुढं म्हणून बघितलं, तिथं सरळ निघायचं. देवापुढं तर मी ते इतकी वर्षं म्हणतच होते. पण फुटका चेंडू असं लोक काही देवाला म्हणत नव्हते. काल काकांच्या घरी निरोप पाठवला की सामन्याला या, पुढं बसा. ते आले. धुतलेलं धोतर, डोक्याला रुमाल, नातू शेजारी.

मैदानावर मी चेंडू मध्यावर ठेवला. आयोजक मुलानं माईक दिला, दोन शब्द बोला म्हणाला. समोर शे-दोनशे माणसं, पहिल्या रांगेत हमालांचा तो गडी, आता पुरता म्हातारा, काठीवर हनुवटी टेकून. माझी सून, तिच्या माहेरची माणसं. मी म्हणाले, "त्या वर्षी चेंडू फुटला त्यात मोचीकाकांचा काही दोष नव्हता. चूक आमच्या घरची होती." आणि थांबले. तेल मी लावलं, एवढंच म्हणायचं राहिलं होतं. माईक अजून माझ्या हातात होता. तेवढ्यात लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयोजक मुलानं हळूच माईक घेतला आणि म्हणाला, बघा, मास्तरांची मुलगी, वडिलांची चूक सगळ्यांसमोर सांगायला आली, याला म्हणतात मन. त्यानं काकांना उभं केलं, हार घातला. नातू टाळ्या वाजवत होता. काकांचं नाव धुऊन निघालं, ते खरं. पण पहिल्या रांगेतला तो म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, दोघांचेही कान मंद असल्यानं चांगलं मोठ्यानं, "मी तवाच म्हणलो होतो. मास्तरनंच आपल्या पोरांसाठी चेंडू बिघडवला."

मी ऐकलं. शिट्टी झाली, खेळ सुरू झाला. आयोजक मुलगा माझ्यापासून दहा पावलांवर उभा होता, माईक हातात लोंबकळत. मी खुर्चीवर बसून राहिले.

अर्ध्या वेळेला काका काठी टेकत माझ्याकडं आले. हार काढून नातवाच्या गळ्यात घातलेला. मला वाटलं काही तरी गोड बोलतील. ते वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "मास्तर तर त्या सांजेला मैदानावर चुन्याच्या रेघा मारायले होते, अक्का. बादली मीच धरली होती." आणि परत जाऊन आपल्या जागी बसले.

म्हणजे तुमच्यासाठी साक्ष द्यायला आज गावात एकच माणूस उरलाय, आणि तोही तोच. तुम्ही मेल्यावर एवढ्या वर्षांनी मी तुम्हाला चोर केलं. त्या दिवशी माझ्यामुळं त्यांच्यावर ओरडलात, आज माझ्यामुळं तुमच्याकडं बोट झालं. दोन्ही वेळा मी खोटं असं फारसं बोललेच नाही. डबी रिकामी होती. घर आपलंच होतं.

उद्या त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन सांगून यावं असं मनात आहे. आयोजक मुलालाही सांगावं. सुनेच्या देखत सांगावं. हे असं लिहिताना सोपं वाटतंय, म्हणून मला त्याचा भरवसा वाटत नाही. हे पत्र घालायला पेटी नाही. वहीतच राहील, आणि वही कुणी उघडत नाही.

एक राहिलं. खेळ संपल्यावर निघाले तेव्हा बायका उठून मला वाट करून देत होत्या. एक जण हात धरून म्हणाली, बापाचं असं सांगायला काळीज लागतं बाई. मी नाही म्हणाले नाही. मान खाली घातली, पदर सारखा केला. आणि अप्पा, तेवढा वेळ मला बरं वाटलं.