टांग्यातलं पेट्रोल

२ एप्रिल, निलंगा
नीलाला जाऊन वीस तारखेला वर्ष होईल. तोवर तिची कादंबरी पूर्ण वाचायची. पानं ४१२. रोज पंचवीस. एकोणीसला संपते. यात बदल नाही.

३ एप्रिल
तीन पानं. दुकानात पेंडीची गाडी आली. उद्या सत्तेचाळीस.

५ एप्रिल
कारण लिहून ठेवतो. कुणाला सांगितलेलं नाही.
आजारात नीलाच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. म्हणाली, अहो, मी उदगीरहून आणलेली कादंबरी रोज तासभर वाचून दाखवा. मामलेदाराचा मुलगा, मास्तरांची मुलगी. भाषा जुनी, माझी जीभ अडायची. पुतणी रुद्राणीकडे तीच गोष्ट आजच्या मुलांसाठी लिहिलेली मिळाली. पानं १४०. मुलगा लातूरला मेडिकलच्या क्लासला, मुलगी स्कूटीवर. मी तेच वाचलं. तिला दिसत नव्हतं, तरी जुन्या पुठ्ठ्यात घालून वाचलं. मोबाईल आला की ‘पत्र’ म्हणायचं, स्कूटी आली की ‘टांगा’. तिला कळलं नाही. पण फसवलं ते फसवलंच.

७ एप्रिल
पान ९. नायक अजून टांग्यातून उतरलेला नाही. नव्या पुस्तकात एव्हाना भांडण होऊन नंबर ब्लॉकसुद्धा झाला होता.
दोष चष्म्याचा असावा. नवा आला की रोज साठ.

१२ एप्रिल
नवा चष्मा. अक्षर स्वच्छ दिसतं. मजकूर तसाच. पान ११.
तिला वाचून दाखवताना एकदाच चुकलो होतो. घाईत ‘टांग्यातलं पेट्रोल संपलं’ असं वाचलं. नशीब, नीलाला तेव्हाच खोकल्याची उबळ आली. भिंतीकडे तोंड करून खोकत होती, डोळ्यांत पाणी. तिने ऐकलं नसणार. लगेच औषध दिलं. दुसरा चमचा नको म्हणत होती. काळजीत मी कमी पडलो नाही.

१८ एप्रिल
पान १४. पहिलं आणि शेवटचं प्रकरण वाचलं की वाचल्यासारखंच. उद्या.

२० एप्रिल, दुपार
काल जमलं नाही.
सकाळी नीलाच्या समाधीवर फुलं वाहिली. जंगम स्वामींचं जेवण झालं. मग राहवेना, रुद्राणीला सगळं सांगितलं. ती भांडी आवरत होती. म्हणाली, काका, काकूला पैल्याच दिवशी कळालं होतं. तिला अख्खं पुस्तक पाठ होतं. मला म्हणाली, तुझ्या काकाला काई बोलू नको गं, चाळीस वर्षांत पैल्यांदा माझ्यापाशी तासभर बसून राहिलेत.
मी पेट्रोलचं विचारलं.
रुद्राणी म्हणाली, त्या दिवशी तर हसून हसून बेजार होती. तुम्हाला कळू नये म्हणून औषध पिली. लई कडू होतं म्हणे.
दुसरा चमचा मी रागावून पाजला होता.