शिट्टीतला दुसरा सूर

ओल्मोरी, जेजू बेट
१२ जून

लाडक्या हेसुक,

आईचे आशीर्वाद. सोलमध्ये नीट जेवतेस ना? फोनवर तू एक बोललीस की मी दोन बोलते, मग आपल्यातलं कुणीतरी फोन आपटतं. म्हणून वाळवलेल्या शेवाळाच्या पार्सलात हे पत्र घालते आहे. पत्राशी भांडता येत नाही.

इकडे सगळं झकास. यंदा समुद्रात शंख भरपूर. परवा मानोकमावशीची जाळी एवढी भरली की वर ओढायला दोघी लागल्या. बाई पाण्याबाहेर आली की अजूनही आधी बडबडते आणि मग श्वास घेते.

मोठी बातमी म्हणजे तालुक्याच्या इस्पितळात एक नवं यंत्र आलंय. नळीत फुंकायचं, की ते श्वास हुंगून दमा आहे की नाही ते सांगतं म्हणे. अजून त्याचीच परीक्षा चालू आहे. त्यासाठी दमेकरी हवेत, तशी ठणठणीत माणसंही हवीत. म्हणून डॉक्टर मिन थेट आमच्या किनाऱ्यावर आली. तुझ्याच वयाची पोर. आम्ही पाणबुड्या बायका बुड्या मारून आल्यावर शेकोटीभोवती अंग वाळवत बसलो होतो.

"आजी, एवढा दमदार श्वास मला दुसरीकडे कुठे मिळणार?" ती मला म्हणाली.

"आजी कुणाला म्हणतेस गं?" मी म्हटलं. पण हरभऱ्याच्या झाडावर चढलेच. सगळ्याच चढलो.

इस्पितळात गेल्यावर फजिती अशी झाली की, ती म्हणे श्वास घ्या आणि हळूहळू सोडा. आम्ही घेतला आणि सवयीने धरूनच ठेवला. पोरगी घाबरली. "अहो, सोडा ना!"

मानोक खुणेनेच थांब म्हणाली. पुढे सावकाश श्वास सोडून म्हणते, "एवढ्यात? अजून तळसुद्धा लागला नव्हता."

बाकीच्यांनी सोडला तो पाण्यावर आल्यावर सोडतो तसा, सणसणीत शिट्टी मारून. यंत्र कोकलायला लागलं. मिन हसून हसून खाली बसली. मऊ फुंकायला शिकण्यात आमची अर्धी सकाळ गेली.

निकाल आला तेव्हा सगळ्याजणी ठणठणीत निघाल्या. मी सोडून.

मी म्हटलं, "तुझं यंत्र बिघडलंय."

"असेलही. नवं आहे, त्या एकट्यावर माझाही भरवसा नाही," ती म्हणाली, आणि जुन्या पद्धतीच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. त्यांनीही तेच सांगितलं. दमा आहे.

तरी मी मानोकला पुढे केलं. "सांग गं हिला, माझी शिट्टी कशी खणखणीत आहे ती."

"खरं सांगू?"

"सांग की!"

"हिच्या शिट्टीत दोन सूर आहेत, डॉक्टर. दुसरा मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात आला. आम्हाला वाटलं, वय झालं." मग मी शपथ घालून लपवायला लावलं होतं, तेही तिने सांगून टाकलं. मार्चमध्ये पाण्याखाली माझी छाती आवळली आणि हिने मला मानगूट धरून वर काढलं. तुला मी फोनवर सर्दी म्हणाले होते ना, ती हीच.

मिन रागावली नाही. सकाळ-संध्याकाळ ओढायचं औषध दिलं आणि सांगितलं की छाती ताळ्यावर येईपर्यंत समुद्रात पाऊल टाकायचं नाही. तेव्हा वर लिहिलेले शंख मी डोळ्यांनीच पाहिलेत. मी हातात दाताळं घेऊन किनाऱ्यावर शेवाळ उलथते आणि पाण्यावरून बाकीच्यांच्या शिट्ट्या येतात. मनाला फार लागतं गं. एकदा शेवाळाच्या ढिगामागे बसून रडून घेतलं.

पण औषध लागू पडलंय. रात्री आडवी झोपते. परवा संत्र्याच्या बागेचा चढ न थांबता चढले, मागे मानोकच धापा टाकत होती. यंत्रावरचा आकडाही उतरतोय. मिनला म्हटलं, तुझं यंत्र हुशार आहे, पण माझ्या लेकीने हे आधीच ओळखलं होतं, तेही काही न फुंकायला लावता.

"मुलगी डॉक्टर आहे?"

"छे! पाणबुडीची मुलगी आहे."

लहानपणी खडकावर बसून तू इतक्या शिट्ट्यांतून माझी अचूक ओळखायचीस. आणि घर सोडून गेलीस त्याच्या आदल्या दिवशी त्याच खडकावर म्हणालीस, "आई, तुझी शिट्टी बदललीय." मी म्हटलं, पोरीला शहराचं वारं लागलंय. मी समुद्र सोडल्याशिवाय तू घरी पाऊल टाकणार नाहीस, असं म्हणालीस ते त्यानंतर.

समुद्र मी सोडत नाही. पण सप्टेंबरअखेर पुन्हा तपासणी आहे. मिन 'जा' म्हणाली, तर मी आज्यांच्या समुद्रात जाणार. हो, तोच. म्हाताऱ्यांसाठी राखलेला उथळ पट्टा, जिथल्या एका शंखालाही तरण्या बायका हात लावत नाहीत. मी त्याला न्हाणीघर म्हणून हिणवायची. आता मानाने जाईन. मिन 'नको' म्हणाली, तर दाताळं आहेच.

तपासणीच्या दिवशी ये. भोपळा घालून वाकटीचं कालवण करते. छातीत काय आहे ते यंत्र सांगेल, पण माझा यंत्रापेक्षा तुझ्या कानावर जास्त भरवसा आहे. मी पाण्यात उतरले की आपल्या खडकावर बस. शिट्टीत दुसरा सूर ऐकू आला, तर नुसता हात वर कर. मी न भांडता बाहेर येईन.

खडक पुसून ठेवणारी,
तुझी आई
चुनसिम