तानाबाईंना लावलेले डोळे

५ जानेवारी २००४
आजपासून मी, कागलची दीप्ती, कोल्हापुरात फोटो स्टुडिओत कामाला. खूश आहे! मालक बाबालालचाचा जुने ब्रशवाले, कॉम्प्युटरवर मी. लग्नाच्या मुलींच्या फोटोत दोन्ही डोळे सारखे करायचे, हे मुख्य काम. माझी स्वतःची डावी पापणी जन्मापासून उतरलेली. तीन स्थळांनी तेवढ्यावरून नकार दिला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय! यंदा पापणीचं ऑपरेशन करून घ्यायचंच.

२० जानेवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून, पट्टीने मोजून सांगितलं की पापणी नजरेच्या आड येत नाही, ऑपरेशनची गरज नाही. कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात म्हणे. परत आल्यावर मी माझ्याच फोटोची उजवी बाजू उलटवून डावीकडे जोडली. भलतीच बाई समोर आली. तरी ऑपरेशनचा नाद सुटत नाही. दर रविवारी पाहुण्यांपुढे बसून दमलेय मी.

३ फेब्रुवारी
चाचा मिरजेला लग्नाला गेलेत. नेसरीचे आकाराम आईचा, तानाबाईंचा, फोटो घेऊन आले. हयातीत कुणी काढला नव्हता, मयत दारात ठेवल्यावर काढलेला. असे फोटो येतात. डोळे उघडून द्यायचे, मग फ्रेम आणि हार. त्यासाठी चाचांनी गेलेल्या माणसांच्या जुन्या फोटोंतले डोळे वेगळे साठवलेत. जित्या माणसाचे डोळे मयताला लावायचे न्हाईत, असं पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं. पण एकही जोडी बसेना. त्यात आकाराम म्हणाले, आईची डावी पापणी जरा उतरलेलीच असायची. मला शेवटची एस.टी. गाठायची होती. माझ्याच फोटोतले लावले. झोकात बसले. "आई बघाय लागली की वो!" म्हणून ते रडले.

१० फेब्रुवारी
उजवी पापणीही उतरलीय. आरशात दोन्ही डोळे पहिल्यांदाच सारखे! आई हरखलीय, नवं स्थळ बघतेय. मला मात्र उठल्यापासून झोप आल्यासारखं होतं.

१४ फेब्रुवारी
डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. पापण्या अर्ध्या बुबुळावर आल्यात, आता ऑपरेशन लागेल म्हणाले. कधीपासून, असं विचारलं. तारीख मला ठाऊक होती, सांगितली नाही. चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी लगेच नेसरीला फोन लावला. आकाराम म्हणाले, आईचे डोळे रोज जास्तच उघडतायत, बायकोनं फोटो भिंतीकडं फिरवून ठेवलाय.

१६ फेब्रुवारी, सकाळी
आकाराम फोटो घेऊन आले. माझ्या पापण्या बोटांनी उचलून तो पाहिला. दोन्ही डोळे टक्क उघडे. अगदी सारखे. मला हवे होते तसेच. चाचा म्हणतात, ब्रशनं ते मिटवून टाकू, मग माझे परत उघडतील. खूप भीती वाटतेय.

दुपारी
पापण्या आता बोटांनीही— अंदाजाने लिहितेय. पण दिसतंय. फोटोतून दिसतंय. समोर टेबल— टेबलाशी मी, डोळे मिटलेले, हातात पेन— चाचा फोटोवर वाकलेत. ब्रश रंगात बुडवला— ओरडायला जाते तर जीभ उचलत नाही— ब्रश जवळ— डावा डोळा गेला—

चाचा, मिटवू नका, मला आता इथूनच दि