पश्चिमेची खिडकी

४ एप्रिल

तिसरं दुकान झालं. विक्रेता म्हणाला, "सर, ही काच लावा, एसी विसराल!" म्हटलं, उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा दाखवा. त्याने कॅटलॉगमधला फोटो दाखवला. खिडकीशी सोफ्यावर बसून हसणारी बाई. निघून आलो.

ही अजून मागच्या छोट्या खोलीतच झोपते. "तुमच्या खोलीत फार उकडतं हो," म्हणाली आणि मार्चमध्ये गादी उचलून गेली. 'तुमच्या' म्हणाली. खोली दोघांची आहे! पण उकडतं हे खरं. पश्चिमेची खिडकी, एकेरी काच, ॲल्युमिनियमची सरकती चौकट — संध्याकाळपर्यंत भट्टी होते. खिडकी बदलली की ही परत येईल. काम एवढंच आहे.

७ एप्रिल

मेव्हणा आला होता. सल्ला द्यायला त्याला निमित्त लागत नाही. "दाजी, काळी फिल्म चिकटवून टाका, विषय संपला!" म्हणजे भर दुपारी दिवा लावून बसायचं.

तो गेल्यावर ही म्हणाली, "त्या खिडकीच्या इतकं का मागे लागलाय?" म्हटलं, करायचं तर नीट करायचं. ती कपबशा घेऊन आत गेली.

१० एप्रिल

आमच्या बटाट्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आज दारांची तपासणी. कागदाची पट्टी चौकटीवर धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. सहज निघून आली तर रबर गेलं समजायचं. घरी येऊन हाच प्रयोग खिडकीवर केला. ओढायची वेळच आली नाही — पट्टी आपली आपण खाली पडली!

सरकता पल्ला बाद. बिजागरीचा पल्ला, चारी बाजूंनी रबर, दुहेरी काच आणि तिच्यावर ऊन परतवणारा लेप. ठरलं.

ही दारातून बघत होती. "नशीबवान आहेत हो तुमचे बटाटे," म्हणाली. मी हसलो. तीही हसली असावी. तोवर पाठमोरी झाली होती.

१५ एप्रिल

चौथ्या दुकानात ऑर्डर दिली. तिथल्या बाईंनी न मागता आकडे पुढे ठेवले. एका वाक्यात सोफा नाही, काही नाही. फक्त एक विचारलं — पल्ला आत उघडायचा की बाहेर? म्हटलं, घरी विचारून सांगतो.

घरी विचारलं. ही भाजी निवडत होती. "तुमच्या सोयीनं करा. तुम्हीच झोपणार तिथे."

म्हटलं, आपण.

तिने मान हलवली. मी होकार धरला.

१६ एप्रिल

बाहेर उघडणारा सांगितला.

२१ एप्रिल

लेकीचा फोन. "बाबा, आई छोट्या खोलीत झोपते अजून? तू काही विचारलंस का तिला?"

विचारलं ना. पल्ला आत की बाहेर.

पलीकडून "तू पण ना, बाबा!" आणि फोन बंद. या पोरीच्या लेखी आई करते ते शहाणपण आणि बाप करतो तो विनोद. लहानपणापासूनचं आहे.

२९ एप्रिल

खिडकी अजून तयार नाही. पलंग मोठा आहे, पण मी आपला एका कडेलाच झोपतो. सवय. करमत नाही. लिहून ठेवायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.

६ मे

बसली एकदाची — आणि उलटी!

काचेसमोर पेटती काडी धरली की दुहेरी काचेत चार ज्योती दिसतात. त्यांतली एक वेगळ्या रंगाची, लेप त्या पृष्ठभागावर. आमच्या ऊन खाणाऱ्या खिडकीला तो बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला हवा, म्हणजे खोलीतून मोजली तर ती ज्योत तिसरी यायला हवी. आली दुसरी.

बसवणारा वैतागला. "साहेब, काच काय सदरा आहे का उलटा घालायला?"

म्हटलं, तसंच झालंय. त्यालाही काडी धरायला लावली. दोन काड्या बोटाशी येईपर्यंत बघत राहिला, मग काचेच्या कडेच्या पट्ट्या उचकटायला घेतल्या. काच फिरवून होईपर्यंत दिवस मावळला. हिने त्याला दोनदा पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, यांचं मनावर घेऊ नका. चुकलेलं यांना लगेच दिसतं." तारीफ होती की काय, कळलं नाही.

९ मे

तीन दिवस मोजतोय. संध्याकाळी खोली चांगली चार अंशांनी थंड! काचेला आतून हात लावला तर चटका नाही. पट्टी ओढली — फाटली, पण सुटली नाही. मनासारखं काम झालं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

हिला सांगितलं. "बरं झालं," म्हणाली. उद्या तिची उशी, पांघरूण मीच इकडे आणून ठेवणार. तेवढ्यासाठी तिने कशाला हेलपाटे घालायचे.

१० मे

जेवणानंतर ती आली. पलंगावर तिची उशी मांडून ठेवली होती. खिडकी उघडली, लावली, काचेवर हात ठेवून पाहिला. "छान झालीय हो," म्हणाली. मनापासून म्हणाली. आणि उशी उचलली.

अगं, आता कुठे उकडतंय?

"उकाड्याचं काही नव्हतं हो. इतके उन्हाळे काढलेच की या खिडकीशी. उकडतं म्हटलं, कारण तेवढं तुम्हाला कळतं. इथे तुमच्या शेजारी झोपून मला एकटं वाटायचं. तिकडे एकटीच असते, तर वाटत नाही."

मी म्हटलं, बरं.

बरं!