न दिसणाऱ्या उजेडातला फोटो

प्रिय ओदिलताई,

सामानाच्या गाडीतून तुझं पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं आणि डोक्याचा पार गोंधळ झाला. आईनं विधवेसारखे केस कापले? बाबांचं ताट झाकून ठेवणं बंद केलं? आणि हे सगळं मी पाठवलेल्या एका फोटोवरून! वर तू विचारतेस, खरं सांग, त्यात तू आहेस की बाबा. अगं, मीच आहे. म्हणजे, मीच असणार.

नीट सांगतो. इथे माकोकूच्या पलीकडे जंगलात आम्ही बिबट्यांसाठी झाडांना कॅमेरे बांधतो. त्यांच्या फ्लॅशच्या तोंडावर काळी काच असते. उजेड पडतो, पण तो फक्त कॅमेऱ्याला दिसतो, आपल्याला नाही. जनावर बुजत नाही. बॅटऱ्या बदलल्या की सगळं चालतंय का बघायला एकानं बिबट्या व्हायचं आणि समोरून रांगत जायचं. बिबट्या नेहमी मीच. आमच्या तुकडीतले म्होरके मिंत्साकाका झाडामागून माझ्या गावाच्या नावानं ओरडतात, "ए मुइलावाल्या, कंबर खाली घे! बिबट्या आहेस की बाळंतीण?" बोलतात असं, पण जेवताना माशाचं डोकं मलाच देतात.

त्या संध्याकाळी गुडघा दुखत होता म्हणून मी उभ्यानंच गेलो. फोटो बघतो तर काय! पानं पिठात घोळल्यासारखी, काळा सदरा पांढराफटक, माझं तोंड पांढऱ्या मातीनं सारवल्यासारखं आणि डोळ्यांच्या जागी नुसती भोकं. त्या उजेडात सगळ्यांचंच असं होतं, काकांचंही. आम्ही पोट धरून हसलो. रेंज मिळाली तेव्हा तुला पाठवला, खाली लिहिलं, "ओळख पाहू कोण?" पुढचं लिहीपर्यंत रेंज गेली. आपल्याकडे मेलेली माणसंच अशी पांढरी होऊन तोंड दाखवायला येतात, हे डोक्यात आलंच नाही बघ.

बाबाही लाकूडतोडीला याच बाजूला आले होते ना? आले ते परतलेच नाहीत, मी तेव्हा एवढासा होतो. आई म्हणायची, "मेला असता तर तोंड दाखवायला आला असता. आला नाही, म्हणजे वाटेत आहे." आता तिला तोंड दिसलं. तू लिहितेस, ती मोठ्यानं रडली, मग शेजारणींना म्हणाली, "आला की नाही शेवटी? उशीर करायची खोडच त्याला," आणि इतक्या वर्षांनी रात्रभर झोपली. मग मी काय करू? खरं सांगितलं तर ती पुन्हा ताट झाकून बसेल. नाही सांगितलं तर बापाला मीच मारल्यासारखं वाटतंय. काकांना विचारलं तर म्हणाले, "फोटो तुझा रे, पण तोंड कुणाचं ते तुझ्या आईला जास्त ठाऊक." याला काय उत्तर म्हणायचं?

पत्र लिहायला बसलो ते मात्र दुसऱ्याच कारणानं. नाताळात मी घरी येतोय. इथे माझी दाढी वाढलीय, हनुवटीवर दुभंगलेली, बाबांची होती म्हणतात तशीच. फोटोत आईनं तीच ओळखली असणार. ती घेऊन आलो तर दारातच तिला सगळं कळेल. काढून आलो तर बाबा फोटोत राहतील आणि मी बाहेर. काल वस्तरा उचलला, परत ठेवला. तू तिच्याजवळ आहेस, तूच सांग, काढू की ठेवू? तुझा निरोप येईपर्यंत हात लावत नाही. आणि ताई, फोटो परत एकदा बघ. त्यात डावा हात कमरेवर ठेवलाय. मी कधी असा चालतो का गं?

तुझाच,
फुल्जांस