सोयाबीनमध्ये राहिलेली चप्पल

आसेगाव,
बुधवार, २९ ऑक्टोबर

ती. रूपाताईस,
सप्रेम जय भीम.

पत्राला इतका उशीर झाला, आधी त्याची माफी. मागचं पत्र बहुधा मैत्रीच्या नामकरणाच्या वेळचं, आणि ती आता चार वर्षांची आहे. फोन रोज होतो, पण फोनवर प्रश्न तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. काल मला “अगं ताई” एवढंच बोलता आलं. म्हणून कागद घेतला. उद्या जानरावकाका डोळे दाखवायला अकोल्याला येत आहेत, त्यांच्या हाती पाठवतो. भाऊजींची पाठ कशी आहे? तुझी रात्रपाळी संपली का? इकडे आई मजेत आहे. नातवंडं आल्यापासून ती दहा वर्षांनी लहान दिसते. (दहा हा आकडा अंदाजे.)

तू रविवारी येऊन मुलांना घेऊन जाणार म्हणालीस. उत्कर्षनं तुला फोनवर सांगितलं की मामाच्या अंगावर एक माणूस फावडं घेऊन आला, मग जीप आली, मग मामानं शिवी दिली. यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि अडचण तीच आहे. म्हणून घडलं ते क्रमानं लिहितो. मग तुला योग्य वाटेल ते कर, फक्त रविवारी येऊ नकोस.

संध्याकाळी मी दोघांना फिरायला नेतो. सध्या अर्ध्या डांबरी रस्त्यावर लोकांचं सोयाबीन वाळत घातलेलं असतं, कडेनं दगड मांडून. आईनं गच्चीवर मुलांना सोयाबीन फिरवायला शिकवलं होतं: पाय न उचलता घसटत चालायचं, म्हणजे नांगरल्यासारखे तास पडतात आणि खालच्या दाण्यालाही ऊन लागतं. मुलांना ते फार आवडलं. त्यामुळे परवा रस्त्यावर एवढा मोठा ढीग पसरलेला पाहून त्यांना वाटलं, हेही आपलंच काम. मी खिशातून चष्मा काढेपर्यंत दोघं आत शिरून निम्म्यावर पोचली होती. फक्त गच्चीवर पाय अनवाणी होते, आणि इथे चपला. दुसऱ्याच्या धान्यात चपला.

बाभळीखालून एक माणूस फावडं घेऊन उठला. आपल्या गावचा नव्हे. यंदाच इकडे मक्त्यानं शेत केलंय, नाव इंद्रभान. (हे नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त फावडं दिसलं.)

“ए, कोणाचे होत बे हे लेकरं? चपला घालून मालात घुसून राह्यले!”

अनोळखी माणूस अंगावर आला तर काय करायचं, हे माझं ठरलेलं आहे. मुलांच्या आणि त्याच्या मध्ये उभं राहायचं, आवाज खाली ठेवायचा, त्याचा राग मान्य करायचा. मी म्हणालो, “आपला राग अगदी रास्त आहे. आपण शांतपणे बोलू या.”

“शांतपणे कायले? मी का बिमार हाव?”

मी म्हटलं, आपला गैरसमज होतोय. त्यावर तो आणखी तापला. “तुमी मले आपण-आपण काहून करून राह्यले? इज्जत देऊन राह्यले का मजाक उडवून राह्यले?”

ताई, मी यावर खूप विचार केला. आपल्याकडे भांडण ‘तू’वर होतं. मी ‘आपण’ म्हणून त्या माणसाची भांडायची सोयच काढून घेतली होती, आणि मग त्याच्या हातात फक्त फावडं उरलं.

मी पुढचं वाक्य जुळवत असताना मागून मैत्री आली. तिनं चपला काढून त्या सोयाबीनमध्येच टाकल्या होत्या, आणि आमच्या दोघांच्या मधून, पाय घसटत, तास पाडत ती सरळ पुढे गेली. इंद्रभान बघत राहिला. मग म्हणाला, “वाकडं चाललं ना व माय. दगडाकडे पाहून चाल.” तिनं पाहिलं. तास सरळ आला. “अन् हा भाऊ का मुहूर्त पाहून येईन?” उत्कर्षनं चपला काढल्या. मग माझ्याकडे वळून, “मास्तर, तुमी बी काढा बूट.” (मास्तर कसं ओळखलं, ते विचारायचं राहिलं.)

तर आम्ही तिघं रांगेनं सोयाबीन फिरवत होतो, तेव्हा काळीपिवळी जीप हॉर्न वाजवत आली आणि दगडांना घासून थांबली. “रस्ता का तुमच्या बापाचा हाये?” ड्रायव्हर ओरडला. खरं सांगायचं तर त्याचं बरोबर होतं. रस्ता वाहनांसाठीच असतो. पण माझे पाय सोयाबीनमध्ये होते आणि मैत्री चाकापासून दोन हातांवर, त्यामुळे निःपक्षपाती राहणं जमलं नाही. मी ओरडलो, “लेकरं दिसत नाई का बे तुले? डोये का घरी ठेवून आला?” इंद्रभाननं फावडं खाली ठेवलं, आता आपली गरज नाही अशा अर्थानं. ड्रायव्हरला माझं म्हणणं लगेच समजलं. जीप मागे घेऊन तो पलीकडून हळू गेला. ‘आपला राग रास्त आहे’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं वापरतोय. इतकं ते कधी कुणाला समजलं नव्हतं.

परतताना उत्कर्षनं विचारलं, “मामा, तू फावड्याले भेला होता का जीपले?” मी म्हणालो, दोघांनाही. “मंग आवाज कसा निघाला?” तेव्हापासून तो रस्त्यात माझं बोट धरून चालतो. आधी धरत नव्हता.

मुलांनी आणखी आठ दिवस राहावं, अशी आईची फार इच्छा आहे. तिचं मन मोडू नकोस.

तुझा,
नरेंद्र

ता. क. आईला या पत्राबद्दल काही माहीत नाही. ती म्हणते, “रूपाले म्हण, लवकर ने या लेकरायले, माये पाय गेले.” आठ दिवसांची इच्छा माझी आहे. मुलं झोपली की घर नको इतकं नीटनेटकं वाटतं.

ता. क. २. उत्कर्षनं ‘डोये का घरी ठेवून आला’ हे काल आईलाच ऐकवलं. रविवारी यायचंच असेल तर शेवटच्या गाडीनं ये.

उद्याचं काम: मैत्रीची डावी चप्पल, पोती शिवायच्या आत, इंद्रभानच्या सोयाबीनमधून शोधून आणणे.