वीस नाही, दोनशे

११ नोव्हेंबर, सोमवार

वीस! यंत्राच्या सेटिंगच्या फाईलमध्ये वीस लिहिलंय. दोनशे हवं होतं. दोन डिटेक्टरांत गॅमा किरण दोनशे नॅनोसेकंदांच्या आत आले तरच नोंद करायची — तो आकडा मीच टाइप केला होता. एक शून्य राहिलं. महिनाभर खऱ्या जोड्या येत राहिल्या आणि यंत्र त्या फेकून देत राहिलं. संघपालच्या प्रबंधाचं सगळं मोजमाप हेच. किरणोत्सारी स्रोत दर आठ दिवसांनी निम्मा होतो, आता संपल्यातच जमा. नवीन मिळेल तो पुढच्या वर्षी.

आकडा दुरुस्त केला. कुणाला सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

मीटिंग. "नोंदी इतक्या कमी काहून?" — संघपाल. सर आनंदरावांकडे वळले. "सोल्डरिंग कच्चं असेल. वय झालं तुमचं."

यंत्रातले चोवीसही सर्किट बोर्ड आनंदरावांनी हातानं जोडलेत. तीस वर्षं ह्याच प्रयोगशाळेत. तरी म्हणाले, "असन सर. पाहतो."

मी वहीत चौकोन गिरवत बसले. चौकोन!

१६ नोव्हेंबर

आनंदराव एकेक बोर्ड भिंगाखाली धरून बसलेत. सांधे चांगले आहेत, मला माहीत आहे, तरी ते पुन्हा तापवतात. "तू पाह्य बरं वं पोरी. मले तर बराबर दिसते. पण आता माह्या दिसण्याचा काय भरोसा?"

"चांगलं आहे काका." एवढंच म्हणाले.

१९ नोव्हेंबर

आनंदराव रजेवर. संघपालनं चहा आणून दिला. तो गेल्यावर बेसिनमध्ये ओतला.

२४ नोव्हेंबर, रविवार

शेवटी नंदनवन वस्तीत गेले, आनंदरावांच्या घरी. दार कौसल्याकाकूंनी उघडलं. "गाडी चालवनं सोडलं त्याइनं. शेजाऱ्याचा दुरुस्तीले आलेला रेडिओ बी वापस केला, नाही जमत म्हणे. काय झालं वं तिकडं?"

दोघांसमोर सगळं सांगितलं. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, तरी रडले. आनंदराव —

"म्हंजे... माहे डोये बरे हायेत?"

"हो काका."

काकूंकडे पाहून हसले! लहान मुलासारखे. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी निघाले तेव्हा मात्र हसू नव्हतं. "संघपालले सांगतलं का? त्याचं वरीस गेलं."

२५ नोव्हेंबर

संघपालला सांगितलं. उठून गेला.

मग सर. "मीटिंगच्या आधीच पाहिला होता तुझ्या फाईलमधला तो वीस," शांतपणे म्हणाले. "आनंदराव दोन महिन्यांत रिटायर होतायत, तुझं सगळं पुढे आहे. विषय संपला. जाताना दार लावून घे."

दार आधीपासूनच उघडं होतं. बाहेर आनंदराव उभे होते, कामावर परत आल्याचं सांगायला.